डबल दिल्याशिवाय

चिल्लरच्या घरात डबल दिल्याशिवाय कुणी जागचं हलत नसे.

हे आपलं बोलायचं म्हणून नाही. तिचे बाबा बसचे ड्रायव्हर आणि आई बसची कंडक्टर. बसचा कायदा सोपा असतो. कंडक्टरने घंटीची दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की सुटायचं. दोनदा वाजवण्याला त्या धंद्यात डबल म्हणतात. नवखा ड्रायव्हर असेल तर डबल त्याच्या कानातून डोक्यात जाते आणि डोक्यातून पायात. मुरलेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत मधलं डोकं गाळलं जातं. बाबा इतके मुरले होते की घरी जेवण झाल्यावरही ते खुर्चीतून उठत नसत. रिकाम्या ताटासमोर, दोन्ही हात टेबलाच्या कडेला स्टिअरिंग धरल्यासारखे धरून बसून राहत. मग आई ओट्याजवळून पातेल्यावर डाव दोनदा आपटायची आणि ते उठून हात धुवायला जायचे.

त्यांचं लग्नही असंच जमलं होतं. बस स्टॉपवर उभी होती. बाबांनी आरशातून मागच्या दाराकडे बघत विचारलं, "माझ्याशी लग्न करणार का?" आरशातून, कारण ड्रायव्हरने सीट सोडायची नसते. आईने लाजण्याबिजण्यात वेळ घालवला नाही. टण टण. प्रवाशांना वाटलं, बस सुटली. त्यांचंही खोटं नव्हतं.

लग्नानंतर डेपोने दोघांना एका बसवर ठेवायचं बंद केलं. घरी भांडण झालं की आई दिवसभर सिंगलच देत राहायची आणि बस पहिल्याच स्टॉपवर मुक्काम ठोकायची.

अशा घरात चिल्लर जन्माला आली. नाव आईने ठेवलं. ती चणीने लहान होती, सारखी वाजायची आणि हवी तेव्हा सापडायची नाही, म्हणून चिल्लर. आता ती चांगली मोठी झाली होती, म्हणजे वयाने. एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. वाफेने तिचे केस कायम कपाळाला चिकटलेले असत. लाँड्रीच्या दारात एक पांढरी व्हॅन उभी असे, हॉटेलांना आणि दवाखान्यांना धुतलेल्या चादरी पोचवणारी. चिल्लर घड्या घालायची आणि व्हॅनकडे बघायची. जन्मापासून तिने बसच पाहिली होती. जिच्यात कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, कुणी खिडकीवरून भांडत नाही अशी गाडी जगात असते, हे तिला त्या व्हॅनमुळे कळलं. चादरी किती गुणी प्रवासी! बसवाल तिथे बसतात, उलटून बोलत नाहीत.

व्हॅनचा जुना ड्रायव्हर नोकरी सोडून गेला तेव्हा चिल्लरने लाँड्रीवाल्या मावशींचं दार धरलं.

"लायसन्स आहे का तुझ्याकडे?" मावशी म्हणाल्या.

"होईल."

"होईल म्हणजे पोटात आहे का? सोमवारी लायसन्स दाखव, चावी घेऊन जा. नाहीतर माझ्या भाच्याला ठेवते. तो गाडी चालवत नाही, फेकतो. पण लायसन्स आहे मेल्याकडे."

इथेच घोडं पेंड खात होतं. कारण चिल्लर परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की सहा महिने परीक्षेला बसू देत नाहीत, असा त्या ऑफिसचा नियम होता. तिसरी परीक्षा शुक्रवारी होती.

ती नापास का झाली हे कळायला ती शिकली कशी हे कळलं पाहिजे.

शिकायला गाडी मामाची होती. किल्ली देताना मामा म्हणाला, "दाजी, जरा जपून. छोटी आहे."

"होईल मोठी," बाबा म्हणाले.

बाबा चिल्लरच्या शेजारी बसले. आई मागच्या सीटवर. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती म्हणाली, "कंडक्टरशिवाय गाडी? काढून दाखवा." मग दर वेळी गाडी सुरू झाली की आई घराच्या किल्लीने काचेवर टक टक करायची आणि चिल्लर क्लच सोडायची. एकदाच टक झालं की ब्रेक. असं चिल्लरचं शिक्षण झालं. वळण घेताना आधी पलीकडच्या फुटपाथची विचारपूस करून यायचं आणि मग वळायचं, हेही ती शिकली. "शेपूट सांभाळ, शेपूट!" बाबा ओरडायचे. मामाच्या गाडीला शेपूट नव्हतं. शेपूट असायला हवं होतं त्याच्या बरंच अलीकडे गाडी संपत होती. बसस्टॉप दिसला की आई एक टक द्यायची, गाडी थांबायची. कुणी चढलं नाही की दोन टक, गाडी निघायची. या पद्धतीने ते तिघे एकदा बाजारात जाऊन आले तेव्हा बाजार उठला होता.

बाबांच्या शिकवणीत एक गोष्ट मात्र पुस्तकातलीच होती.

"स्टॉपवरून बस निघायला लागली, तिने इंडिकेटर दिला, की तू थांबायचं. ती तिची पाळी. पुढेमागे कोण का असेना. गाडीवाल्यांना हे कळत नाही. गाडीवाल्याला बस दिसतच नाही, त्याला बसच्या पुढची मोकळी जागा दिसते. बसने इंडिकेटर दिला की त्याला वाटतं, ही आपल्याला शर्यतीला बोलावतेय."

"आणि तुम्ही कधी गाडीवाल्याला जागा देता का, बाबा?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने विचारलं होतं, तुम्ही डिझेल पिता का?

"मी?"

मागून आई म्हणाली, "विचारू नकोस गं. बाटलीवर गाडी जाईल."

आणि गेलीच. बाटली म्हणजे एक हिरवी मोटार होती. बाबा नऊ नंबरची बस चालवत आणि रोज सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या स्टॉपवर ती बाटलीच्या काचेच्या रंगाची मोटार त्यांच्या मागे येऊन उभी राही. "मी इंडिकेटर दिला, तिने भोंगा दिला. मी आणखी जरा बाहेर काढली, तिने नाक घुसवलं. मग मी काढलीच. अर्धा रस्ता बोंबलत होती मागून."

"चालवतं कोण ती?"

"तोंड कुठे दिसतंय? आरशात नुसती एक भुवई दिसते. वर चढलेली."

चिल्लरने हे वर्षानुवर्षं रोज ऐकलं होतं. म्हणजेच कधीच ऐकलं नव्हतं.

आता परीक्षेचं. लायसन्सच्या ऑफिसात परीक्षा घेणाऱ्या साहेबांना सगळे उमेदवार भुवईसाहेब म्हणत. ते बोलत कमी. उमेदवार चुकला की त्यांची डावी भुवई वर जाई. फार चुकला की तिथेच राही.

पहिल्या परीक्षेला चिल्लरने ऑफिसच्या गाडीत उंची पुरावी म्हणून सीटवर उशी ठेवली, पट्टा लावला, आरसा नीट केला, गाडी सुरू केली आणि थांबली. साहेब ती निघण्याची वाट बघत होते. ती डबलची वाट बघत होती. दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर 'येथे वाहने उभी करू नयेत' असं लिहिलं होतं. बराच वेळ गेला. शेवटी साहेबांना लागोपाठ दोन शिंका आल्या आणि गाडी सुटली.

छान चालली होती. भर चौकात साहेबांना तिसरी शिंक आली.

दुसऱ्या परीक्षेला चिल्लरने निघण्याचं कसंबसं जमवलं, पण पहिल्या बसस्टॉपवर पायाने घात केला. गाडी थांबली. स्टॉपवर छत्री घेऊन एक आजोबा उभे होते. त्यांनी मागचं दार उघडलं, आत बसले, छत्री गुडघ्यांत धरली आणि म्हणाले, "शेवटच्या स्टॉपला उठवा." साहेबांच्या पायाखाली परीक्षकाचा वेगळा ब्रेक होता, पण तो माणसांवर चालत नव्हता. आजोबा उतरायला तयार होईनात. शेवटी चिल्लरने त्यांना शेवटच्या स्टॉपला सोडलं. वाटेत सगळे स्टॉप घेतले.

परत आल्यावर साहेब म्हणाले, "बाई, आजोबा पोचले. तुम्ही नापास."

गुरुवारी संध्याकाळी घरात युद्धपातळीवर विचार झाला.

"स्टॉप दिसला की डोळे मिटून घे," बाबा म्हणाले.

"चालवताना?" आईने विचारलं.

"थोडेसे."

"तुम्ही गप्प बसा. हे बघ चिल्लर, डबल दुसऱ्यानेच द्यायला हवी असं कुठे आहे? तुझी तू दे. जीभ टाळ्याला लावायची आणि टॉक टॉक करायचं. साहेबांना कळणारही नाही."

ही कल्पना सगळ्यांना पसंत पडली. रात्री जेवण झाल्यावर बाबांनी बसल्या जागी टॉक टॉक करून स्वतःचं स्वतः उठून पाहिलं. जमलं. मग ते जरा उदास झाले आणि परत येऊन बसले. आईने डाव आपटला तेव्हा खरे उठले.

शुक्रवारी सकाळी डेपोतून फोन आला. बाबांच्या बसच्या कंडक्टरची दाढ ठणकत होती, दुसरं कुणी मोकळं नव्हतं, आजच्या दिवस आईनेच नऊ नंबरवर यावं. "भांडू नका म्हणालेत," आई पदराला पिन लावत म्हणाली. जाताना तिने चिल्लरच्या डोक्यावर बोटाने टकटक केलं. "जा. पास होऊन ये."

चिल्लर लगेच निघाली. परीक्षेला अजून दोन तास होते.

भुवईसाहेब त्या दिवशी नुकतेच केस कापून आले होते. न्हाव्याचा हात जरा जास्त चालला होता. कानांच्या वर दोन पांढरे पट्टे उघडे पडले होते आणि साहेब सारखे तिथे हात फिरवत होते. चिल्लरने उशी ठेवली, पट्टा लावला, आरशात पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि जिभेने टॉक टॉक केलं.

साहेबांचा हात कानावरच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही, साहेब."

"माझ्याकडे बघून चुकचुकलात तुम्ही."

"नाही हो साहेब!"

"एवढे वाईट कापलेत?"

"नाही साहेब. मोकळे वाटतात."

"मोकळे," साहेब म्हणाले. भुवई वर गेली. "परत चुकचुकलात तर इथेच उतरवीन."

म्हणजे तीही वाट बंद. नशिबाने गाडी तोवर फाटकाबाहेर आली होती. पहिल्या सिग्नलला दिवा हिरवा झाला, आणि चिल्लरच्या पायात काही म्हणजे काही झालं नाही. पाय लाकडाचा झाला. तिला सोमवार दिसला, भाचा दिसला, घड्या घालायच्या चादरींचा डोंगर दिसला. एवढ्यात मागच्या मोटारवाल्याने वैतागून दोनदा भोंगा वाजवला आणि गाडी सुटली. चिल्लरने मनातल्या मनात त्याच्या मुलाबाळांना आशीर्वाद दिला. पुढच्या चौकात वाहतूक पोलिसाने दोनदा शिट्टी मारली. चिल्लरला वाटलं, आज सगळं जगच कंडक्टर आहे, होऊन जाईल.

मग तो बसस्टॉप आला. स्टॉपवर छत्रीवाले आजोबा उभे होते. त्यांनी गाडी ओळखली, चिल्लरला ओळखलं, आणि मोठ्या विश्वासाने छत्री उंच केली.

चिल्लरने काळजावर दगड ठेवला आणि गाडी पुढे नेली. आरशात आजोबा छत्री हलवत काहीतरी बोलताना दिसत होते. ते आशीर्वाद नव्हते.

"तेच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"परवा त्यांच्या तिन्ही ऑपरेशनांची माहिती दिली त्यांनी मला." साहेब जरा सैल झाले. भुवई खाली आली. चिल्लरने पुढची वळणं अशी घेतली की बाबांना बघवलं नसतं: पलीकडच्या फुटपाथला न भेटता, सरळ, छोट्या गाडीसारखी. एका सिग्नलला गाडी थांबली असताना बाजूच्या रांगेतून एक बस पुढे निघून गेली. मागच्या खिडकीत छत्री दिसली. बसच्या पाठीवर आकडा होता नऊ.

साहेब ताठ बसले.

"नऊ नंबर," ते म्हणाले. शेजाऱ्याचं नाव घ्यावं तसे.

"काय साहेब?"

"काही नाही. तुम्ही चालवा." पण त्यांना राहवेना. "माणसाच्या नाकी नऊ येतात म्हणतात ना? माझ्या रोज येतात. सकाळी साडेआठला, पाण्याच्या टाकीपाशी. मी जवळ पोचलो की बरोबर त्याच क्षणी इंडिकेटर देतो तो माणूस. मुद्दाम. आरशात बघून. इतक्या वर्षांत एकदा, एकदाही त्याने मला आधी जाऊ दिलेलं नाही."

चिल्लरने सावकाश मान वळवून साहेबांकडे पाहिलं. भुवईकडे पाहिलं. मग घसा खाकरून अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, तुमची गाडी कुठल्या रंगाची आहे?"

"हिरवी. का?"

"काही नाही साहेब. छान रंग आहे."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. नुसतं पाणीच नाही, जीभही जागेवर नव्हती; टॉक टॉक करायचं म्हटलं तरी करता आलं नसतं.

पुढे रस्ता अरुंद होता. एका बाजूने पाइपासाठी खणलेलं, एका वेळी एकच वाहन जाईल एवढी जागा, आणि तिच्या अलीकडे बसस्टॉप. स्टॉपवर नऊ नंबर उभी होती. माणसं चढून झाली. बसने इंडिकेटर दिला.

चिल्लरने गाडी थांबवली. तिची पाळी.

बस हलली नाही.

कारण बाबांनी आरशात पाहिलं होतं. मागे ऑफिसची गाडी, गाडीत चिल्लर, चिल्लरच्या शेजारी एक भुवई. ती भुवई त्यांनी हजार भुवयांत ओळखली असती. बाबांच्या मनात काय काय झालं ते त्यांनी नंतर कधी नीट सांगितलं नाही, पण जे झालं ते सगळ्या रस्त्याने पाहिलं. ड्रायव्हरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्याने पुढे जायची खूण केली. या, या. तुम्ही आधी.



"हा मला जागा देतोय," साहेब हळूच म्हणाले. "नऊ नंबर जागा देतोय!"

"हो साहेब."

"मग जा ना! बघता काय? जा, जा, परत असं होणार नाही!"

"साहेब, इंडिकेटर चालू आहे."

"कुणाचा?"

"बसचा. बंद करायला विसरलेत. तो चालू आहे तोवर नियमाप्रमाणे तिचीच पाळी. आपण गेलो तर मी नापास."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी साहेबांची अवस्था झाली होती. एकीकडे त्यांचाच नियम, दुसरीकडे त्यांच्या आयुष्यातली एकमेव मोकळी जागा.

टण टण.

ही आईची डबल होती. मागच्या दाराशी तिला पुढचं काही दिसत नव्हतं. बस तरीही हलली नाही. टण टण! नाहीच. बसमधून आईचा आवाज आला, "ओ ड्रायव्हर! कान डेपोत ठेवून आलात का?"

आणि बाबांचा आवाज, सगळा रस्ता ऐकेल असा: "थांब गं! लेकीची परीक्षा चालली आहे!"

बसच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सगळ्यात मागच्या खिडकीतून छत्री आली.

साहेबांनी फार सावकाश विचारलं, "कुणाच्या लेकीची?"

आता लपवून काय उपयोग? "माझे बाबा आहेत, साहेब."

"नऊ नंबर तुमचे वडील?"

"हो."

"रोज सकाळी ते..."

"हो साहेब. तेच."

साहेबांची भुवई वर गेली. मग, हे त्या ऑफिसच्या इतिहासात कुणी पाहिलं नव्हतं, दुसरीही गेली. न्हाव्याने उघड्या पाडलेल्या कपाळावर दोघींना भरपूर जागा होती. चिल्लरने सोमवारची आशा सोडली. सहा महिने, भाचा, वाफ. व्हायचंच आहे नापास, तर साहेबांना निदान एकदा नऊ नंबरच्या पुढून नेऊन आणावं का, असा एक विचार तिच्या मनात चमकून गेला. माणसाला तेवढंच सुख. ते किती आशेने बघत होते त्या मोकळ्या जागेकडे!

पण इंडिकेटर लुकलुकत होता. तिने ब्रेकवरचा पाय काढला नाही.

तेवढ्यात आई बसच्या पुढच्या भागात पोचली. दोरीबिरीच्या भानगडीत न पडता तिने ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्यावर मुठीने दोनदा ठोकलं. धाड धाड. अशी डबल बाबांना नाकारता येणार नव्हती. ती कानातून गेलीच नाही, पाठीतून गेली. बस सुटली.

चिल्लरच्या पायानेही ती ऐकली. टाच उचलली गेली, पोटरी ताणली गेली, जन्मभराची सवय सगळी एकदम जागी झाली. जित्याची खोड म्हणतात ती हीच. पण ही डबल बाबांची होती. तिची नव्हती. तिने टाच परत खाली टेकवली, आणि नऊ नंबर अरुंद रस्त्यातून डुलत डुलत निघून गेली.

मग काहीच उरलं नाही. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे एकदम भोंगे वाजवत होते. त्यात एक कुठला आणि दोन कुठले, काढणं अशक्य होतं. पोलीस नव्हता. साहेबांना शिंक येत नव्हती. ते गेलेल्या बसकडे बघत होते, गाडी चुकलेल्या माणसासारखे. चिल्लरने आरशात पाहिलं, पुढे पाहिलं, रस्ता मोकळा होता, म्हणून ती निघाली.

पुढच्या चौकापर्यंत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की कुणीच डबल दिली नव्हती. ती दचकली, आणि क्षणभर वाटलं, थांबून कुणाला तरी विचारावं. पण गाडी चाललेली होती.

ऑफिसच्या आवारात परत येईपर्यंत साहेब पुढे कुठे नऊ नंबर दिसतेय का ते बघत होते. गाडी उभी राहिली. इंजिन बंद झालं.

"पास," साहेब म्हणाले. "मला फार वाईट वाटतंय."

"थँक्यू, साहेब."

"परीक्षक स्वतः जा म्हणत असताना थांबलात. हे पुस्तकात नाही. पण असायला हवं." ते उतरले, दोन पावलं गेले आणि परत आले. खिडकीत वाकून म्हणाले, "वडिलांना माझा एक निरोप द्या."

"काय सांगू?"

साहेबांनी बराच विचार केला. "नको. उद्या मीच सांगीन. भोंग्याने."

त्याप्रमाणे शनिवारी संध्याकाळी बाबा घरी आले ते चक्रावूनच. ताट समोर आलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आज मी इंडिकेटर दिला, तर बाटली मागे थांबली. नुसती थांबली. आणि मग तिने भोंगा वाजवला. हळूच. दोनदा."

"म्हणजे डबल दिली?" आईचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं तो निव्वळ मत्सर होता. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? सुटलो."

आई त्या रात्री डाव आपटायला जरा उशीरच करणार होती, हे चिल्लरला दिसत होतं. बाबा टेबलाची कड धरून बसून राहिले.

सोमवारी चिल्लरने लाँड्रीवाल्या मावशींच्या हातात लायसन्स ठेवलं. मावशींनी ते उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि चावी दिली. चिल्लरने व्हॅनमध्ये उशी ठेवली, पट्टा लावला, आरसा नीट केला. मागे चादरींचे गठ्ठे चढवले जात होते. कुणी चढत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. आता सगळं तिच्या एकटीच्या हातात होतं: बघायचं, ठरवायचं, निघायचं.

मावशींनी मागचं दार धाडकन लावलं आणि, जगातले सगळे गाडी भरणारे करतात तसं, पत्र्यावर दोन थापा मारल्या.

धप धप.

चिल्लरने डोळे मिटले. थोडेसे. मग उघडून आरशात पाहिलं. पलीकडच्या स्टॉपवरून एक बस निघत होती, इंडिकेटर देऊन. चिल्लर थांबली.

मावशी खिडकीपाशी आल्या. "अगं ए, निघ की! दोन थापा मारल्या ना मी?"

"ऐकल्या, मावशी. पण बस निघतेय."

"मग?"

"मग तिची पाळी."

मावशींनी बसकडे पाहिलं, चिल्लरकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले. "माझा भाचा आत्तापर्यंत दवाखान्यात पोचला असता."

"चादरी घेऊन?"

मावशींनी जरा विचार केला.

"ते नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.